पिशवी काढली की सगळं थांबेल का?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलेलं थोडक्यात असं. वय ४७. दीड वर्षापासून पाळीचा भरवसा राहिलेला नाही. दोन-दोन महिने येत नाही आणि आली की दहा-बारा दिवस अंगावरून जातं, रक्ताच्या गाठी पडतात. रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं कपडे भिजतात, तीनच्या सुमारास जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. बारीकसारीक गोष्टीवरून घरात आवाज चढतो आणि मग न्हाणीत जाऊन रडू येतं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पिशवीला तीन सेंटिमीटरची गाठ आणि ‘अस्तर १२ मिलिमीटर’ असं आलंय. एका डॉक्टरांनी सांगितलं, “पिशवी काढून टाका, पुढं कॅन्सरची भानगड नको.” मुलीचं लग्न मे महिन्यात आहे, मालक म्हणतात त्याआधी उरकून घेऊ. ताईंचे प्रश्न दोन: पिशवी काढली की हे सगळं थांबेल का? आणि मला वेड तर लागत नाही ना?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो तुम्ही अगदी शेवटी, बिचकत विचारलाय. नाही, वेड लागत नाही. तुमच्या वयाच्या बायका माझ्यासमोर बसून हेच सांगतात. फरक एवढाच की बहुतेकजणी ते दाराच्या मुठीला हात लावल्यावर, निघता निघता सांगतात.

आता पिशवीचं. ती काढली तर एक गोष्ट नक्की थांबेल: अंगावरून जाणं. वाफा, रात्रीची जाग, धडधड, चिडचिड, रडू यांचा उगम पिशवीत नाही. ती अंडाशयांकडून येतात. चाळिशीच्या उत्तरार्धात अंडाशयांतली बीजं संपत येतात आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, एका रेषेत उतरत जाण्याऐवजी वरखाली व्हायला लागतं. एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त, पुढच्या महिन्यात एकदम कमी. बीज फुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही, पिशवीचं आतलं अस्तर वाढत राहतं आणि कधीतरी एकदम ढासळतं. तुमच्या दहा-बारा दिवसांचं आणि रक्ताच्या गाठींचं कारण बहुधा हे आहे. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा जो भाग आहे तो याच चढउतारानं हळवा होतो, आणि थोडी उष्णता वाढली तरी घाम फोडून ती बाहेर टाकायला लागतो. वाफा येतात त्या अशा. म्हणजे मूळ एकच असलं तरी तुमच्यापुढं दोन वेगळे प्रश्न आहेत, रक्ताचा आणि झोपेचा-मनाचा, आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. एका ऑपरेशनमधे दोन्ही उरकतील असं वाटून घेतलंत तर फसगत होईल.

उलट एक धोका आहे. पिशवीबरोबर ‘आता कशाला ठेवायची’ म्हणून दोन्ही अंडाशयंही काढली जातात. तसं झालं तर जे शरीर तीन-चार वर्षांत सावकाश स्वीकारणार होतं ते एका रात्रीत अंगावर येतं. वाफा दुप्पट होतात, झोप आणखी बिघडते आणि हाडांचं, हृदयाचं संरक्षण लवकर जातं. तुमच्या जाऊबाईंची पिशवी काढल्यापासून कंबर धरलीये असं तुम्ही लिहिलंय. कंबरदुखीला पन्नास कारणं असतात, पण त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर अंडाशयं ठेवली की काढली हे एकदा बघा. बऱ्याच बायकांना ते माहीतच नसतं. विचारलं तर “सगळं काढलं” एवढंच सांगतात.

त्या डॉक्टरांची शंका मात्र अगदीच निराधार नाही, हेही सांगते. पंचेचाळिशीनंतर पाळी अशी बेभरवशाची आणि जास्त झाली की अस्तरात काही वाईट तर नाही ना हे बघावं लागतं. वजन जास्त असेल, साखर असेल, आधीपासून पाळी महिनोन्‌महिने चुकत असेल तर जास्तच. पण बघायचं म्हणजे तपासायचं. पिशवी काढून मग ती तपासायला पाठवणं हा उलटा क्रम झाला. बारीक प्लास्टिकच्या नळीनं अस्तराचा तुकडा घेता येतो. ओपीडीत, भूल न देता, काही मिनिटांत. पाळीत दुखतं तसं ओटीपोटात कळ येते आणि जाते. आठवड्याभरात रिपोर्ट मिळतो. पुढचं सगळं त्या कागदावर ठरवायचं, कॅन्सर या शब्दाच्या भीतीवर नाही.

सोनोग्राफीतला १२ मिलिमीटर हा आकडा एकटा काही सांगत नाही. पाळी संपल्या संपल्या अस्तर तीन-चार मिलिमीटर असतं आणि पुढची पाळी जवळ येईपर्यंत बारा-चौदापर्यंत जाणं नेहमीचं आहे. चार मिलिमीटरची मर्यादा सांगतात ती पाळी कायमची जाऊन नंतर पुन्हा रक्त दिसलेल्या बाईसाठी. तुमची सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली ते रिपोर्टवर नाही, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. गाठीचंही तसंच. तीन सेंटिमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीच्या स्नायूत वाढणारी साधी गाठ पिशवीच्या भिंतीत किंवा बाहेरच्या बाजूला असेल तर ती तिथं वर्षानुवर्षं काही न करता राहते आणि पाळी गेली की आपोआप आकसते. आतल्या पोकळीत डोकावत असेल तर रक्तस्रावाचं कारण ती असू शकते, पण तेवढी गाठ दुर्बिणीनं खालच्या वाटेनं काढता येते. अशा गाठीचा कॅन्सर निघणं अगदी क्वचित घडतं. म्हणून विचारायचं ते ‘गाठ केवढी’ याच्या जोडीला ‘गाठ कुठं’.

आता रक्त. तुम्ही हिमोग्लोबिनचा आकडा लिहिलेला नाही, म्हणजे बहुधा तपासलंच नाही. दीड वर्ष असं जात असेल तर ते बारावर असेल याची मला आशा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि त्या सगळ्याजणींना काही तुमच्यासारखं दहा दिवस जात नव्हतं. जिना चढताना धाप, छातीत धडधड, पायात गोळे, कच्चे तांदूळ किंवा माती खावीशी वाटणं, विनाकारण रडू येणं, यातलं बरंचसं नुसत्या लोहाच्या कमतरतेनंही होतं. तुमच्या चिडचिडीतला किती वाटा रक्त कमी असण्याचा आहे हे ते भरून काढल्यावरच कळेल. सोबत थायरॉइडची तपासणीही करून घ्या. ते बिघडलं तरी पाळी, झोप, मन, वजन सगळं असंच बिघडतं आणि रोज एका गोळीनं आटोक्यात येतं.

लोहाची गोळी जेवणानंतर लगेच चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया जाते. चहा आणि गोळी यात दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर उत्तम. शी काळी होते, त्याला घाबरू नका. पोट बिघडलं तर एक दिवसाआड घ्या, तरीही काम होतं. आकडा बारावर गेला की गोळी बंद करायची नाही, पुढं तीन महिने चालू ठेवायची, कारण साठा नंतर भरतो. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर शिरेतून लोह देतात.

रक्त थांबवायला पिशवी काढण्याच्या आधी बऱ्याच पायऱ्या आहेत. जास्त जाणाऱ्या दिवसांपुरत्या घ्यायच्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या, ज्यांना कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली नाही त्यांच्यासाठी. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, महिन्यातले ठराविक दिवस. आणि माझ्या मते तुमच्यासारख्या बाईसाठी सगळ्यात सोयीची, हार्मोन सोडणारी तांबी. जुन्या तांब्याच्या तांबीनं पाळी वाढते, हिच्यानं उलट कमी होते. पिशवीत बसवली की ती रोज थोडं थोडं हार्मोन अस्तरावरच सोडते, रक्तस्राव नव्वद टक्क्यांपर्यंत उतरतो आणि पाच वर्षं तरी काम करते. तेवढ्यात तुमची पाळी आपोआप गेलेली असेल. पहिले तीन ते सहा महिने मधे मधे डाग लागतात. ते आधी सांगितलेलं नसतं, म्हणून कितीतरी जणी दुसऱ्या महिन्यातच काढून टाका म्हणून येतात. किंमत अंगावर येणारी आहे हे खरं, पण ऑपरेशन, औषधं आणि बुडालेले दिवस धरून हिशेब मांडा.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तुकड्याच्या रिपोर्टमधे काही आलं, किंवा गाठी मोठ्या होऊन लघवी-शौचाला दाब देत असतील तर पिशवी काढणं योग्य. मी स्वतः ती ऑपरेशनं करते आणि ज्यांना खरंच गरज होती त्या नंतर खुशीत भेटतात. माझा राग गरज नसताना काढण्यावर आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कोवळ्या वयात काढल्याचं २०१९ साली गाजलं, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच बायका दर हंगामात आपल्या वाळव्या-कराडच्या फडात मोळ्या वाहायला येतात, पण आपण ती बातमी लांबची म्हणून वाचली. २०२३ मधे सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय काढणं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं म्हणजे पहिल्यांचा अपमान, असलं काही मनात आणू नका. १८९४ साली वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून कर्नाटकातून लोक तिथं दाखवायला येतायत. तुम्ही तर तासाभरावर आहात. सरकारी हवं असेल तर मिरजेचं मेडिकल कॉलेज आहे, सांगलीचं सिव्हिल आहे.

लग्नाआधी उरकण्याबद्दल माझं स्पष्ट मत नाही असं आहे. पोटावरच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे वजन उचलायचं नसतं, आणि लग्नघरात आईनं वजन उचलायचं नाही हे कोणाच्या घरात पाळलं गेलंय ते मला दाखवा. आत्ता तुकडा, रक्त, थायरॉइड एवढं करा. तांबी बसवली किंवा गोळ्या चालू केल्या तर मेपर्यंत अंगावरचं जाणं बरंच आटोक्यात आलेलं असेल आणि रक्तही वाढलेलं असेल. रिपोर्टमधे काही गंभीर निघालं तरच ऑपरेशनची घाई. मालकांना पुढच्या वेळी सोबत आणा. ते वाईट अर्थानं म्हणत नाहीयेत; द्राक्षबागेचा एक खर्च उरकावा तसा हाही उरकावा असं त्यांना वाटतंय, कारण कुणी त्यांना समोर बसवून नीट सांगितलेलं नाही.

दुसरा प्रश्न मनाचा, आणि त्यात सगळं हार्मोनवर ढकलायला मी तयार नाही. तुम्ही लिहिलंय: पहाटे पाचला उठणं, डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षांचे घड औषधात बुडवायच्या, दिवसांत दिवसभर हात वर करून बागेत उभं राहणं, सासूबाईंचं पथ्यपाणी, अवकाळीनं गेल्या वर्षी घड तडकल्यामुळं फिरलेलं सोसायटीचं कर्ज, आणि आता लेक सासरी जाणार. हे पंचविसाव्या वर्षीही झेपलं नसतं, फक्त तेव्हा रात्री झोप लागत होती. हार्मोनच्या चढउतारानं मनाचं अस्तर पातळ होतं, हे खरं. पण ज्याचा राग येतोय त्यातलं काही खरोखरच रागाचं आहे. “वयामुळं चिडते” असं घरात एकदा ठरलं की बाईच्या प्रत्येक तक्रारीला तेच उत्तर मिळतं. सासूबाईंचं रात्रीचं औषध मुलानं द्यावं, हे तुम्ही चिडून बोलला असाल तरी मागणी चुकीची होत नाही.

मात्र एक रेघ लक्षात ठेवा. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, कशातच गोडी वाटत नाही, मुलीच्या लग्नाची साडी बघायलाही मन होत नाही, आपण घराला ओझं झालोय असं वाटतं, जेवण सुटलंय, तर ते नैराश्य आहे आणि त्याला औषध आहे. पाळी जाण्याच्या आधीच्या या वर्षांत नैराश्याचा धोका वाढतो, विशेषतः आधी बाळंतपणानंतर वगैरे कधी येऊन गेलं असेल तर. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. बागेत उभं राहूनही फोन लावता येतो.

नैराश्यावरच्या गोळ्यांची सवय लागते अशी समजूत आहे. लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात आणि बंद करताना डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद कराव्या लागतात, एवढंच. त्यातल्या काही गोळ्यांनी वाफाही कमी होतात, म्हणून ज्यांना हार्मोन देता येत नाहीत त्यांना आम्ही मुद्दाम त्या देतो. सवय लागते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळीची. शेजारणीनं दिलेली अर्धी गोळी वर्षभर घेत असलेल्या बाया मी रोज बघते, आणि ती सोडवणं पाळीच्या त्रासापेक्षा अवघड जातं.

वाफांसाठी हार्मोनची गोळी किंवा जेल हा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर त्याची भीती बसली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, आणि बाकी तब्येत चांगली असेल, तर बहुतेकींना फायदा जास्त आणि धोका थोडा, असं आता मानतात. स्तनाचा कॅन्सर झालेला, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर देत नाहीत. तुम्ही सध्या या शेवटच्या रांगेत बसता, म्हणून तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा. तो चांगला आला आणि तांबी बसवलेली असली तर अस्तराची काळजी तांबी घेते आणि वरून इस्ट्रोजेनची जेल देऊन वाफांचं बघता येतं. काहीच घ्यायचं नसेल तरी वाफांनी जिवाला धोका नाही, पण त्या सरासरी सात वर्षं रेंगाळू शकतात, तेव्हा ‘सहन करू, चार महिन्यांत जाईल’ या हिशेबात राहू नका. जवस, सोयाबीन, शतावरी याबद्दल विचारलंत. पुरावा कच्चा आहे. जवसाची चटणी भाकरीबरोबर छान लागते म्हणून खा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेकजणी लिहीत नाहीत म्हणून सांगून टाकते. संबंधाच्या वेळी दुखणं, आग होणं, वारंवार लघवीला जळजळ, हे कोरडेपणामुळं होतं आणि जागेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या क्रीमनं बरं होतं. क्रीम रक्तात नगण्य जातं. क्रेट उचलताना, खोकताना लघवीचे थेंब पडत असतील तर लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते दिवसातून तीन वेळा, दहा-दहादा आवळायचे, रोज, तीन महिने. पहिल्या महिन्यात फरक दिसत नाही आणि बहुतेकजणी तिथंच सोडतात. अंग बाहेर येत असेल तर दाखवायला लाजू नका, त्याला ऑपरेशनशिवायही आत बसवायची रिंग असते.

आणि मिश्री. तुम्ही लावता की नाही मला माहीत नाही, पण आपल्या भागात विचारलं की “लावते थोडीशी, दात घासायला” असं उत्तर येतं. ती भाजलेली तंबाखूच आहे. तोंडाच्या कॅन्सरची भीती पिशवीच्या कॅन्सरपेक्षा मला तुमच्याबाबतीत जास्त वाटेल. गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी फुकट होते, बीपी आणि साखरही बघतात. आशाताईंना विचारून दिवस ठरवा. गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. तुमची बहुधा एकदाही झालेली नाही.

हाडांसाठी रोज अर्धा लिटर दूध किंवा दही-ताक, आठवड्यात तीन-चारदा नाचणीची भाकरी, तीळ, आणि डाळ-उसळ-अंडं यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत. शेतात राबता म्हणून व्यायामाची गरज नाही असं नाही, पण तुमच्या बाबतीत तो मुद्दा मी पुढच्या भेटीवर ठेवते. आत्ता त्यापेक्षा झोप हवी.

येताना जुनी सोनोग्राफी, घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि एक कॅलेंडर घेऊन या. पाळी आली त्या दिवसांवर खूण करा, जास्त गेलं त्या दिवशी दोन खुणा. त्यावरून मला सोनोग्राफीपेक्षा जास्त कळेल. त्याआधी कधी तासाला एक पॅड भरायला लागलं, चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात दाखल व्हा. आणि सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं समजायचं. त्यानंतर कधीही, दोन वर्षांनी असो की दहा, रक्ताचा डाग जरी दिसला तरी “उष्णतेनं असेल” म्हणून घरी बसायचं नाही. त्याच आठवड्यात दाखवायचं.